शरभाच्या पंजात शोव्हल

विनिपेगच्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलचं मागचं दार बंद केलं की त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक फट राहते. ती त्रिकोणी आहे. तळाशी तिच्यात मूठ मावते आणि वर निमुळती होत ती गुडघ्याच्या उंचीवर संपते. ऑगस्टमध्ये तिच्यातून उजेड आत येत असे. सप्टेंबरात एल्मच्या झाडांची पानं येऊ लागली. पानं बहुतेक वेळा देठाकडून आत येत. याचं कारण काय असावं, हे मी काही शनिवार बघत होते. पण तेवढ्यात माझी मानचिन्ह उपसमितीवर नेमणूक झाली आणि ते निरीक्षण अर्धवट राहिलं.

फटीचं कारण साधं होतं. दार जुनं लाकडी, वरची बिजागरी सैल झाली होती आणि दार एका बाजूला कलंडलं होतं. मंडळाच्या सभासदांपैकी बहुतेकांना हे माहीत नव्हतं, कारण ते पुढच्या दारानं येतात आणि जेवण झाल्यावर पुढच्याच दारानं जातात. मागच्या दाराशी खरा संबंध एकट्या मंदाकिनीताईंचा. त्या दाराच्या आतल्या बाजूला जी मोकळी जागा आहे तिथे सतरंजी टाकून त्या दर शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेतात. दुसरी जागा नाही. लायब्ररीची खोली वर्षभर बुक असते आणि त्यांच्या कॉन्डोत दोनपेक्षा जास्त मुलं एकदम हसली तरी मॅनेजमेंटचा ईमेल येतो.

ऑगस्टच्या सभेत त्यांनी उभं राहून सांगितलं, "थंडीच्या आत दार झालं नाही तर वर्ग बंद करावा लागेल. पोरं स्नोपँट घालून बाराखडी लिहू शकत नाहीत. आईबापांनी मला आत्ताच सांगून ठेवलंय, गारठा असेल तर आम्ही स्विमिंगला घालू."

सगळ्यांना वाईट वाटलं. वाईट वाटण्यात आमचं मंडळ मागे नाही.

त्याच आठवड्यात हर्षवर्धननं दार आणलं. हर्षवर्धन बस बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे, आंबेडकर असोसिएशनचं काम बघतो, आणि त्याची मुलगी धम्मप्रिया ताईंच्या वर्गात आहे. बोलणं कमी. दार पांढरं, स्टीलचं, आत इन्सुलेशन भरलेलं, चौकटीसकट. त्यानं ते जुन्या दाराशेजारी भिंतीला टेकवलं आणि ड्रिल बाहेर काढलं. एका दुपारचं काम होतं.

ते झालं असतं, पण शंतनु आला.

शंतनु पुण्याचा, एका इन्शुरन्स कंपनीत डेटाचं काम करतो. इथे येण्याआधी दर रविवारी गड चढायचा. इथे चढण्यासारखं काही नसल्यामुळे त्याची ती शक्ती शिल्लक आहे. त्या दिवशी तो शहरातल्या उन्हाळी मेळ्याहून तडक आला होता. तिथे आमच्या स्टॉलशेजारी दुसऱ्या एका संस्थेचा स्टॉल होता आणि तिच्या बॅनरवर मानचिन्ह होतं, म्हणजे एक ढाल, ढालीच्या एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला साखळीनं बांधलेला युनिकॉर्न. आमच्या बॅनरवर समई होती. ती इंटरनेटवरून घेतलेली असल्यामुळे मोठी केल्यावर तिचे चौकोन झाले होते.

"काका, त्यांच्याकडे युनिकॉर्न आहे," शंतनु तिथे बसलेल्या दीनानाथकाकांना म्हणाला. "जो प्राणी अस्तित्वातच नाही, तो स्वच्छ दिसतोय. आणि आपली समई, जी घरोघरी आहे, ती ओळखू येत नाही."

मग त्याचं लक्ष नव्या दाराकडे गेलं.

"कोरं दार?"

"इन्सुलेटेड आहे," हर्षवर्धन म्हणाला.

"अरे, पण आपण मराठी माणसं. आपल्या कुठल्या गडाचा दरवाजा कोरा पाहिलास? दोन्ही अंगांना दगडात कोरलेला शरभ असतो. शत्रू दारात आला की आधी त्याला शरभ दिसतो."

"इथे शत्रू कोण? दारातून फक्त हवा येते."

"मुद्दा हवेचा नाही. आधी मानचिन्ह, मग ते दारावर कोरायचं, मग दार बसवायचं. आधी दार बसवून नंतर लावलं तर ते स्टिकर होतं."

दोघांनीही दीनानाथकाकांकडे पाहिलं. दीनानाथकाका आमचे अध्यक्ष. वीज कंपनीतून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला, पण अध्यक्षपदावरून निवृत्त करण्यासाठी मतदान घ्यावं लागतं, आणि काकांनी आजवर मतदान कधी घेतलेलं नाही. मतदान घेतलं की निर्णय होतो, निर्णय झाला की कुणीतरी नाराज होऊन घरी जातं, आणि विनिपेगच्या हिवाळ्यात आपली गाडी सुरू होत नसली तर जंप स्टार्टला त्या नाराज माणसालाच फोन करावा लागतो, असा त्यांचा अनुभव. शिवाय, "कोण करणार?" असं विचारल्यावर मंडळात हात वर झाल्याची नोंद नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नावर ते एकच उत्तर देत.

"मुद्दा चांगला आहे," काका म्हणाले. "विचार होईल."

हर्षवर्धननं ड्रिल परत डब्यात ठेवलं.

उपसमितीत शंतनु निमंत्रक, हर्षवर्धन दाराचा प्रतिनिधी, नागपूरचे नंदूभाऊ, जे एका ट्रकिंग कंपनीत डिस्पॅच बघतात, आणि मी. माझं नाव कसं आलं ते मी शंतनुला विचारलं.

"तुम्ही प्राण्यांतल्या ना, ताई?"

"मी मातीतल्या सूत्रकृमींवर काम करते. ते डोळ्यांना दिसत नाहीत."

"पण प्राणीच ना?"

"प्राणीच."

"मग झालं. तुम्ही प्राणिशास्त्रीय सल्लागार."

मानचिन्ह देणारं कार्यालय ओटावात आहे. तिथली माणसं सौजन्यानं बोलतात आणि त्यांची अपेक्षा माफक असते. तुम्हाला कुठला प्राणी हवा आणि का हवा, हे आधी तुम्ही ठरवा. पुढचं ते बघतात. आधी ठरवा, ही अट आमच्या मंडळाला नवी होती.

पहिली बैठक हॉलमध्येच, त्या दाराजवळ झाली. शंतनुनं लॅपटॉपवर शरभाचं शिल्प दाखवलं. अंग सिंहाचं, चेहरा सिंहापेक्षा रागीट, पाठीला पंख. चारी पंजांखाली एकेक हत्ती दाबलेला आणि पाचवा शेपटीत गुंडाळलेला.

"भारी," नंदूभाऊ म्हणाले. "पण वाघ कुठाय?"

"हा शरभ आहे, नंदूभाऊ."

"ते दिसून राहिलं मले. मी म्हणतो वाघ कुठाय? मराठी मंडळ म्हणता अन् विदर्भाचा एक पट्टा नाही त्याच्या अंगावर. मग आम्ही काऊन मेंबरशिप घ्यावी?"

"पट्टे देऊ ना," शंतनु म्हणाला. "शरभ काल्पनिक आहे. त्याला पट्टे चालतात." त्यानं माझ्याकडे पाहिलं. काल्पनिक प्राण्याला पट्टे चालतात, असं मी प्रमाणित केलं.

हर्षवर्धन स्क्रीनकडे बघत होता. "हत्ती काढा," तो म्हणाला.

"अरे, पण हत्ती म्हणजे तिथे शत्रूची राजसत्ता. ते प्रतीक आहे."

"आमच्याकडेही हत्ती प्रतीकच आहे. पायाखाली नसतो." त्यानं आवाज चढवला नाही. "हत्ती पायाखाली असला तर एप्रिलच्या जयंतीला आम्ही या दारातून येणार नाही. पुढच्या दारातूनही नाही."

मग चार हत्ती चारी पंजांखालून आणि पाचवा शेपटीतून, असे सगळे मुक्त करण्यात आले. याबद्दल सगळ्यांनाच इतकं बरं वाटलं की चहा मागवला गेला.

पण त्यामुळे शरभाचे पंजे रिकामे झाले. मानचिन्हातला प्राणी मागच्या पायांवर उभा राहून पुढचा पंजा उगारतो, आणि उगारलेल्या पंजात काही नसेल तर तो टॅक्सी थांबवत असल्यासारखा दिसतो. शंतनुनं तलवार सुचवली. नंदूभाऊ म्हणाले, हातात तलवार असलेल्याला व्हिसा मिळत नाही. पुस्तक सुचवलं गेलं, तर कुणाचं पुस्तक, असा प्रश्न निघाला आणि शंतनुनं तो विषय घाईनं मिटवला. शेवटी हर्षवर्धन कंटाळून म्हणाला, "बर्फ उपसायचं शोव्हल द्या. इथे सहा महिने प्रत्येकाच्या हातात तेच असतं."

तो टोमणा होता. पण तो मंजूर झाला.

पंखांवर एक पूर्ण बैठक गेली. पंख पसरलेले दाखवावेत असं शंतनुचं मत. नंदूभाऊंनी डोकं हलवलं. "पंख पसरलेले दिसले का लोक म्हणतील, झालं, पीआर भेटलं अन् हाही ब्रॅम्पटनला चालला." गेल्या दोन वर्षांत मंडळाचे तीन खजिनदार असेच, कायम राहण्याचा परवाना मिळताच, मोठ्या शहराकडे गेले होते. पंख मिटवले.

दरम्यान ही बातमी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली आणि तिथून प्रश्न आला, प्राणी व्हेज आहे की नॉनव्हेज? प्रश्न रास्त होता. आमच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून होणाऱ्या जेवणाला, दोन टेबलं असतात आणि मंडळाच्या प्राण्याला दोन्हीकडे उभं राहता आलं पाहिजे. अभिप्रायासाठी तो माझ्याकडे आला. मी कळवलं की प्राण्याचा आहार दातांवरून ओळखतात. सुळे दिसले तर तो मांसाहारी मानावा लागेल. तोंड मिटलेलं असेल तर शास्त्राला काही म्हणता येणार नाही. शास्त्राला काही म्हणता येणार नाही, हे वाक्य ग्रुपवर फार आवडलं. त्यावर बरेच अंगठे आले. शरभाचं तोंड मिटवण्यात आलं.

त्या दिवशी मंदाकिनीताई किटली लावायला आल्या होत्या. त्यांनी स्क्रीनवरचं चित्र पाहिलं. पट्टेवाला, पंख मिटलेला, तोंड मिटलेला शरभ, पंजात शोव्हल.

"म्हणजे मराठी मंडळाचा प्राणी तोंड मिटलेला," त्या म्हणाल्या. "आणि दार उघडं. छान."

"याला विंटर टायर लावायचे राहिले, ताई," हर्षवर्धन म्हणाला.

"हसताय काय? काल दोघीजणी स्विमिंगला गेल्या. कायमच्या. मला फक्त एक सांगा, माझं दार कधी?"

"प्राणी झाला की लगेच," शंतनु मनापासून म्हणाला. तो मनापासूनच म्हणत होता. त्याची अडचण तीच होती.

ढालीच्या दुसऱ्या बाजूला कॅनडाचा प्राणी हवा होता. मॅनिटोबा प्रांतात राहायचं तर त्याच्या चिन्हावरच्या बायसनला डावलता येत नाही. पण बायसन आणि गाय यांचं नातं काय, असं कुणीतरी ग्रुपवर विचारलं आणि मी एकच कुळ असं खरं उत्तर दिलं. त्यावर गायीच्या नातेवाइकाला दारावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाशी उभं करू नये असं एका गटाचं मत पडलं. दुसऱ्या गटाचं मत असं की पूज्य आहे म्हणूनच उभं करावं. दोन्ही मुद्दे चांगले होते. बायसनचा विचार होत राहिला आणि जागा बीव्हरला मिळाली. बीव्हर शुद्ध शाकाहारी, स्वतःचं घर स्वतः बांधतो आणि हिवाळाभर त्याच्यातून फारसा बाहेर पडत नाही. त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. फक्त तो शरभापेक्षा बुटका असल्यामुळे ढाल तिरकी होत होती. यजमान देशाचा प्राणी खुजा दिसणं बरं नाही, म्हणून त्याला उभं राहायला पाट देण्यात आला.

मग दिशा आली. मानचिन्हातल्या प्राण्याचं तोंड, जुन्या संकेताप्रमाणे, त्याच्या स्वतःच्या उजवीकडे असतं. शंतनुनं मोजपट्टी घेऊन दारावर जागा आखली, तेव्हा लक्षात आलं की बाहेरून पाहिलं तर शरभ थेट कचऱ्याच्या पेटीकडे बघणार. चित्र आतल्या बाजूला घेतलं तर वॉशरूमकडे. दार उघडं असताना त्याची नजर शेजारच्या पिझ्झाच्या दुकानावर जात होती, आणि तिथे पेपरोनीची, म्हणजे डुकराच्या मांसाची, पाटी होती.

"बिजागरी दुसऱ्या बाजूला घेतली तर?" शंतनुनं विचारलं.

"हे दार डावीकडून उघडणारं आहे," हर्षवर्धन म्हणाला. "मी दार पाहून आणलं. शरभाची नजर पाहून नाही."

"बदलून मिळेल?"

हर्षवर्धन बाहेर गेला आणि त्यानं त्याची गाडी उगाचच शोव्हल केली. बर्फ नुकताच पडला होता. एवढा पातळ की ब्रशनं झटकला असता.

नोव्हेंबर उजाडला. फटीतून आता पानांऐवजी पिठासारखा बर्फ येत होता आणि सतरंजीच्या कडेवर त्याची छोटी टेकडी साचत होती. मंदाकिनीताईंनी फटीत टॉवेल कोंबला. टॉवेल गोठला आणि तो काढायला गेल्यावर दाराच्या कडेचं लाकूड त्याच्यासोबत आलं. फट आता रुंद झाली. नवं दार शेजारीच भिंतीला टेकून उभं होतं, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. मुलं त्याच्यावर जॅकेट टांगत.

या वाढलेल्या फटीतून जे आलं ते आम्हाला एका शनिवारी वासावरून कळलं. वास सौम्य होता, जळालेल्या लसणासारखा. उपसमितीत आल्यापासून पहिल्यांदाच मला माझ्या शिक्षणाच्या जवळचं काही विचारलं गेलं. दाराशी साचलेल्या बर्फात पावलं होती. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही पायांना पाच-पाच बोटं, आणि पुढच्या बोटांपुढे लांब नखांचे ठिपके. पावलं स्टेजखाली जात होती. परत आलेली नव्हती.

"स्कंक," मी सांगितलं. "मांजराएवढा, काळा, पाठीवर पांढरे पट्टे. थंडी संपेपर्यंत तो इथेच राहील."

"हायबर्नेट करतो का?" शंतनु म्हणाला.

"पूर्ण नाही. झोपून असतो. मधेच एखादा दिवस उबदार निघाला तर बाहेर फेरफटका मारतो. मिळेल ते खातो. आपण होऊन कुणाच्या वाटेला जात नाही. जवळ गेलं तर आधी पुढचे पाय आपटतो, मग पाठ फिरवतो, मग शेपटी उभी करून दुर्गंधीचा फवारा सोडतो."

हा क्रम आमच्या वार्षिक सभेतल्या क्रमाशी बराच जुळतो. फरक एवढाच की तिसऱ्या पायरीआधी स्कंक विचार करतो, कारण त्याच्याकडचा साठा मर्यादित असतो.

काकांनी तातडीची बैठक बोलावली. हर्षवर्धन म्हणाला, "ऑगस्टमध्ये दार बसवलं असतं तर हा आत आलाच नसता."

"पण नोव्हेंबरात बसवलं असतं तर तो आत अडकला असता," शंतनु म्हणाला. "म्हणजे थांबलो तेच बरं झालं."

"दोन्ही मुद्दे चांगले आहेत," काका म्हणाले.

आता दार न बसवण्याला माणुसकीचं कारण मिळालं. एका मुक्या जीवाला कोंडू नये म्हणून फट उघडी ठेवण्यात येत आहे, असा संदेश ग्रुपवर गेला आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रं आली. एका सभासदानं स्कंक व्हेज आहे का, असं विचारलं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

वर्ग पुढे, कोट टांगायच्या खुंट्यांजवळ सरकला. तिथे जागा एवढी अरुंद की मुलं एकामागे एक बसायची. शिवाय स्कंकची झोपमोड होऊ नये म्हणून सगळं कुजबुजत चालायचं. पंधरा दिवसांत मुलांना कुजबुजती बाराखडी इतकी आवडली की ती घरीही तशीच म्हणू लागली आणि दोन पालकांनी मुलांच्या घशाची तपासणी करून घेतली. धम्मप्रियानं वहीच्या शेवटच्या पानावर एक ढाल काढली होती. ढालीवर शेपटी उभी केलेला स्कंक होता.

"हा कोण गं?" ताईंनी कुजबुजत विचारलं.

"आवर लोगो," ती कुजबुजली. "ही ॲक्चुअली लिव्ह्ज हिअर, टीचर."

"मराठीत सांग."

धम्मप्रियानं विचार केला. "हा खरंच इथे राहतो," ती म्हणाली.

पण थंडी उणे तीसच्या खाली गेली तेव्हा मुलं कमी होत होत सतरंजीच्या एका कडेवर मावू लागली. संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मंदाकिनीताई मला म्हणाल्या, "त्या दिवशी सतरंजी घरी नेणार आहे मी. तिळगूळ देईन आणि बंद करीन. मुलं माझ्यामुळे आजारी पडली असं नको व्हायला." त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. सतरंजी धुवायला टाकायची आहे, अशा सुरात सांगितलं.

मी काकांना भेटले. "दाराच्या आतल्या बाजूला मी पिठाची रेघ ओढून ठेवते," मी सांगितलं. "उबदार दिवशी स्कंक बाहेर पडला की पिठातली पावलं बाहेर जाताना दिसतील. तेवढ्यात दार बसवायचं. हर्षवर्धन तयार आहे. फक्त त्या क्षणी कुणीतरी 'बसवा' म्हणायला हवं, आणि ते तुम्हीच म्हणायला हवं."

"मुद्दा—" काका म्हणाले.

"हो, चांगला आहे," मी म्हणाले आणि पीठ आणायला गेले.

संक्रांतीचा कार्यक्रम जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी होता. शुक्रवारपासून हवा अचानक पालटली. पारा शून्याच्या वर गेला, छपरांवरून पाणी ठिबकू लागलं आणि लोक जॅकेटची चेन उघडी टाकून हिंडू लागले. हॉल गच्च भरला. एक तर बाहेर ऊन होतं, आणि त्या दिवशी मानचिन्हाचं अनावरण होतं. शंतनुनं पुठ्ठ्याची माणसाएवढी ढाल करून आणली होती. स्टेजवर हळदीकुंकवाचा पाट, तिळगुळाचे डबे, माइक. कोपऱ्यात मंदाकिनीताईंनी सतरंजीची गुंडाळी करून दोरी बांधून ठेवली होती, आणि तिच्यावर धम्मप्रिया बसली होती.

काका माइकसमोर आले. एका बाजूनं शंतनुनं आणि दुसऱ्या बाजूनं नंदूभाऊंनी ढाल धरली.

"मंडळाच्या इतिहासातला हा क्षण," काका म्हणाले, "अनेक चांगल्या मुद्द्यांनंतर—"

स्टेजखालून स्कंक बाहेर आला.

तो झोपेतून उठलेल्या माणसासारखा सावकाश हॉलच्या मध्यभागी गेला आणि थांबला. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी किंचाळायला तोंड उघडलं. स्कंकनं पुढचे पाय आपटले. त्याबरोबर सगळा हॉल जमिनीपासून वर गेला. लोक खुर्च्यांवर चढले, टेबलांवर चढले, दोन्ही टेबलांवर, व्हेजवाले नॉनव्हेजच्या आणि नॉनव्हेजवाले व्हेजच्या. स्टेजवर नंदूभाऊ पाटावर उभे राहिले. शंतनुनं ढाल एका हातानं धरली, दुसऱ्या हातानं भिंतीला टेकवलेलं बर्फाचं शोव्हल उगारलं, एक पाय उचलून पोटाशी घेतला आणि वासाच्या भीतीनं तोंड घट्ट मिटून घेतलं. त्याचा स्वेटर पट्ट्यांचा होता. मंजूर झालेलं मानचिन्ह इतक्या काटेकोरपणे पाळलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

फक्त मुलं जमिनीवर होती. त्यांना स्कंकसमोर कसं वागायचं ते माहीत होतं. ती गप्प बसून राहिली.

स्कंकनं पाठ फिरवली. शेपटी अर्धी वर गेली आणि तिथेच थांबली. खुर्च्यांच्या गोंधळात तिळगुळाचा एक डबा खाली पडला होता. त्यानं एक लाडू हुंगला, तोंडात धरला, शेपटी खाली घेतली आणि कुणालाही काही न बोलता पिठाच्या रेघेवरून, फटीतून, बाहेरच्या उन्हात निघून गेला.

मी पीठ पाहिलं. पावलं स्पष्ट होती आणि ती बाहेर जाणारी होती.

"गेला," मी सांगितलं.

धम्मप्रिया सतरंजीवरून उठली, ती गुंडाळी ढकलत ढकलत तिनं दारापर्यंत नेली आणि फटीला लावली. "अंकल, जस्ट क्लोज इट," ती काकांना म्हणाली. मग ताईंकडे बघून तिनं दुरुस्ती केली, "काका, दार लावा ना."

हर्षवर्धननं डब्यातून ड्रिल काढलं होतं. ते हातात धरून तो काकांकडे बघत होता. मंदाकिनीताईही बघत होत्या; सतरंजी घरी न्यायची की इथेच पसरायची, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

"पण काका, शरभाचं तोंड—" शंतनुनं मिटलेलं तोंड उघडलं. "अजून दिशा ठरलेली नाही."

काकांनी ओठ उघडले. आता ते काय म्हणणार ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तुम्हालाही एव्हाना पाठ झालं असेल, आणि तुम्ही मनात म्हणत असाल की अशा वेळी कुणीतरी उठून सरळ दार बसवायला हवं होतं. आपण तिथे असतो तर बसवलं असतं. पण तुम्ही तिथे होतात. मागून दुसऱ्या रांगेत, खुर्चीवर उभे, हात उंच करून फोनमध्ये व्हिडिओ घेत होतात. तो मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. चांगला आलाय, फक्त थोडा हललाय.

हात सगळ्यांचेच वर होते. सगळा हॉल खुर्च्यांवर आणि टेबलांवर उभा होता आणि प्रत्येकाच्या वर गेलेल्या हातात एकेक फोन होता. काकांनी डावीकडून उजवीकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. इतक्या वर्षांच्या अध्यक्षपदात वर झालेले हात त्यांना पहिल्यांदाच दिसत होते. त्यांनी माइक जवळ ओढला.

"ठराव एकमतानं मंजूर," काका म्हणाले. "दार आत्ता बसवायचं, कोरं बसवायचं, आणि ज्यांचे हात वर आहेत त्यांनी खाली उतरून एकेक स्क्रू लावायचा."